जुनी मोटार घेताना

मोटार ही एके काळी श्रीमंतांच्या दारातील वस्तू होती. एकोणीसशे साठच्या सुमारास आपल्या देशात फियाट, ॲम्बॅसडर अशी मोजकीच नावे होती. नवी गाडी नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. त्यामुळे एखाद-दुसरे वर्ष वापरलेली गाडी नव्या गाडीपेक्षाही अधिक किंमतीला विकली जाई! १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हे चित्र हळूहळू पालटले. आज शिक्षक, कारकून, दुकानदार, शेतकरी अशा सामान्य कुटुंबांच्या दारातही मोटार दिसते, आणि पुष्कळदा ती जुनी घेतलेली असते. घर सोडल्यास एवढी मोठी खरेदी अशा कुटुंबात क्वचितच होते. तीत फसगत झाली तर मुलांच्या शिक्षणासाठी बाजूस ठेवलेली रक्कम मेस्त्रीच्या हाती जाते. म्हणून हा विषय केवळ शौकिनांचा नाही. तो गृहस्थाश्रमाचा आहे.

जुन्या मोटारीच्या बाजारात फसवणूक का होते, याचे उत्तर एका अर्थशास्त्रज्ञाने दिले आहे. अमेरिकेत सदोष मोटारीस 'लिंबू' म्हणण्याची पद्धत आहे. जॉर्ज ॲकरलॉफ यांनी १९७० मध्ये या लिंबांच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. आरंभी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ मध्ये ॲकरलॉफ हे अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाच्या तीन मानकऱ्यांपैकी एक ठरले! त्यांचा विचार साध्या उदाहरणाने समजेल. समजा, चांगल्या जुन्या गाडीचे मोल चार लाख व वाईट गाडीचे दोन लाख आहे. कोणती गाडी कशी, हे विकणारा जाणतो. घेणाऱ्यास ते कळत नाही. तेव्हा घेणारा मधला मार्ग काढून तीन लाख देऊ करतो. चांगल्या गाडीचा मालक म्हणतो, "एवढ्याला मी देणार नाही." वाईट गाडीचा मालक मात्र आनंदाने पुढे येतो. परिणामी चांगल्या गाड्या बाजारातून निघून जातात आणि लिंबे तेवढी उरतात. यावरून बोध असा की, सौद्यात घेणाऱ्याचे खरे बळ गोड बोलण्यात किंवा घासाघिशीत नाही. विकणाऱ्याला जे ठाऊक आहे ते स्वतः जाणून घेण्यात आहे.

हे ज्ञान मिळवावे कसे? प्रथम गाडी दिवसाउजेडी पाहावी. सायंकाळच्या अंधारात व पावसात ओल्या झालेल्या पत्र्यावर रंगातील फरक लपतो. ठोकर लागलेल्या भागात पुट्टी भरून वर रंग दिलेला असेल, तर तेथे लोहचुंबक नीट चिकटत नाही. बॉनेट व दारे यांच्या फटी दोन्ही बाजूंस सारख्या आहेत काय, दाराचे रबर किंचित उचलल्यास खालचे वेल्डिंग मूळचे दिसते काय, हेही पाहावे. टायरच्या कडेवर चार अंकी आकडा असतो. त्यातील पहिले दोन अंक आठवडा व पुढचे दोन वर्ष दाखवितात. '२३१९' असा आकडा असल्यास तो टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. गाडी केवळ पंधरा हजार किलोमीटर धावली असे सांगितले जाते आणि क्लचचे पेडल मात्र झिजून गुळगुळीत झालेले असते, तेव्हा मीटरवर विश्वास ठेवू नये. दिसते तसे नसते, म्हणून जग फसते!

इंजिन थंड असतानाच सुरू करावयास सांगावे. आपण जाण्यापूर्वीच बॉनेट गरम असेल, तर सुरू होताना येणारी अडचण झाकण्यासाठी ते आधी चालविले असण्याचा संभव आहे. सायलेन्सरमधून निळसर धूर येत असल्यास इंजिन ऑइल जाळीत आहे असे समजावे. काळा धूर इंधन वाजवीपेक्षा अधिक जात असल्याचे दर्शवितो. आणि इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल, तर रेडिएटरचे पाणी आत शिरत असावे. ऑइलच्या झाकणाखाली दुधी साय दिसली तर त्याच शंकेस पुष्टी मिळते. २०१९ व २०२१ या वर्षी कोल्हापूर-सांगलीकडे महापूर आला, हे आपणा सर्वांस स्मरत असेल. पुरात बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या गावी विकल्या जातात. आसनांखाली सुकलेला गाळ, पट्टे पूर्ण ओढल्यावर दिसणारे डाग व कुबट वास या खुणा अशा वेळी उपयोगी पडतात. शेवटी आपल्या ओळखीच्या मेस्त्रीस सोबत न्यावे. त्याला दिलेली मजुरी हा खर्च नव्हे, विमाच होय.

गाडी उत्तम असूनही कागद वाईट असू शकतात. नोंदणीपत्रावरील चॅसिस क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर वाचून अक्षर-अक्षर जुळवावेत. सरकारच्या 'परिवहन' संकेतस्थळावर दंड थकलेला आहे काय, विमा कधी संपतो, हे पाहता येते. गाडी बँकेकडे गहाण असल्यास कर्ज फिटल्याचे बँकेचे पत्र व पस्तीस क्रमांकाचा नमुना हवा. मालकी बदलण्यासाठी एकोणतीस व तीस क्रमांकांचे नमुने आर.टी.ओ. कार्यालयात द्यावे लागतात. व्यापाऱ्याकडून गाडी घेत असल्यास त्याचे अधिकारपत्र पाहावे. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्यांस ते घेण्याचा नियम लागू झाला.

आपल्या सीमाभागासाठी एक सूचना विशेष महत्त्वाची आहे. बेळगावच्या रस्त्यावर 'केए-२२' बरोबरच 'एमएच-०९' आणि गोव्याच्या 'जीए' पाट्यांच्या गाड्या नित्य दिसतात. कोल्हापूरची किंवा पणजीची गाडी वीस-तीस हजारांनी स्वस्त दिसते आणि मन मोहात पडते. परंतु मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या सत्तेचाळिसाव्या कलमानुसार दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या गाडीची तेथे पुन्हा नोंदणी करावी लागते. त्यासाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, म्हणजे अठ्ठावीस क्रमांकाचा नमुना, लागतो आणि नव्या राज्याचा रस्ता-कर भरावा लागतो. हा कर आधी विचारून घ्यावा, तो किंमतीत मिळवावा आणि मगच स्वस्त-महाग ठरवावे.

विकणाऱ्यानेही निष्काळजी राहू नये. नावबदल न करता किल्ली दिली आणि पुढे त्या गाडीने अपघात केला, तर नुकसानभरपाईची जबाबदारी कोणाची? सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये निर्णय दिला की, नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. त्या प्रकरणात गाडी त्यानंतर आणखी काही हातांतून गेलेली होती, तरीही मूळ मालकाची सुटका झाली नाही! तेव्हा "नंतर करू" हे दोन शब्द घेणाऱ्यास जेवढे, तेवढेच देणाऱ्यास घातक आहेत.

आता किंमतीकडे वळू. एकाच वर्षाच्या व एकाच जातीच्या गाडीची किंमत तीन-चार ठिकाणी विचारावी. विम्यासाठी गाडीची किंमत कशी उतरते, हेही मार्गदर्शक ठरते: दुसरे वर्ष संपेपर्यंत वीस टक्के, तिसरे संपेपर्यंत तीस, चौथे संपेपर्यंत चाळीस व पाचवे संपेपर्यंत पन्नास टक्के घट धरतात. बाजारभाव याहून वेगळा असू शकतो. तथापि एक मोजपट्टी हाती येते. नंतर दुरुस्तीची यादी करावी. मागणी तीन लाख ऐंशी हजारांची असून टायर, बॅटरी व क्लच यांवर अडतीस हजार खर्च होणार असेल, तर ती यादी शांतपणे पुढे ठेवावी. आकडा बोलतो तेव्हा आवाज चढवावा लागत नाही. आपली कमाल मर्यादा घरीच कागदावर लिहून न्यावी आणि ती ओलांडली जाताच नमस्कार करून उठावे.

कर्जाचे गणित विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे. पाच लाख रुपये पाच वर्षांसाठी आठ टक्क्यांनी घेतले. व्याज 'सरसकट' मूळ रकमेवर आकारले, तर ते दोन लाख होते आणि हप्ता सुमारे ११,६६७ रुपये बसतो. तेच व्याज 'घटत्या शिलकेवर' आकारले, तर हप्ता सुमारे १०,१३८ रुपये होऊन एकूण व्याज एक लाख आठ हजारांच्या आसपास येते. दर दोन्हीकडे आठच. फरक मात्र जवळजवळ ब्याण्णव हजारांचा! सरसकट आठ टक्के म्हणजे घटत्या शिलकेवर सुमारे चौदा टक्के होत. शाळेतील चक्रवाढीचे धडे कशासाठी, असे विचारणाऱ्यांस हे उत्तर पुरेसे आहे.

नवी गाडी घेणाऱ्यानेही दुकानातील किंमत व रस्त्यावर येईपर्यंतची किंमत यांतील प्रत्येक बाब लेखी मागावी. विमा विक्रेत्याकडूनच घेतला पाहिजे, असे बंधन नाही. वर्षअखेरीस सूट मिळते. पण गाडी पुढे विकताना तिच्या निर्मितीचे वर्ष विचारले जाते, हे ध्यानात असू द्यावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या घरी अशी खरेदी निघेल तेव्हा वडीलधाऱ्यांना मदत करा. क्रमांक वाचा, कागद जुळवा, हप्त्यांचा हिशेब मांडा. उत्तम सौदा म्हणजे दुसऱ्यास लुबाडणे नव्हे. देणाऱ्याने दोष सांगावा, घेणाऱ्याने योग्य मोल द्यावे आणि दोघांनी रस्त्यात भेटल्यावर एकमेकांकडे मान ताठ ठेवून पाहावे, असा व्यवहार तो खरा सौदा. असे व्यवहार वाढले, तर ॲकरलॉफ यांच्या बाजारातही चांगल्या गाड्या पुन्हा परत येतील.