परगावच्या सामन्याची तिकिटे कोणाला द्यावीत?

वाचकहो, आजचा विषय इंग्लंडातल्या फुटबॉलचा आहे. पण सुरुवात मी आमच्या कॉलेजच्या सहलीपासून करणार आहे. काही वर्षांपूर्वी मी ज्या कॉलेजात शिकवीत होतो, तेथे सहलीसाठी एक गाडी ठरवली. जागा ४४, आणि येऊ इच्छिणारी मुलेमुली शंभराच्या वर. मी फळ्यावर लिहिले, "उद्या सकाळी आठपासून नावनोंदणी. जो आधी येईल त्याला आधी जागा." मला वाटले, याहून सरळ न्याय तो कोणता? नऊच्या आत यादी भरली. पावणेदहाला एक विद्यार्थिनी आली, तिने यादी वाचली आणि शांतपणे म्हणाली, "सर, आमची पहिली एस.टी.च साडेनऊला येते." मी यादी पुन्हा पाहिली. सगळी नावे वसतिगृहातली आणि गावातली. खेड्यावरून येणाऱ्यांपैकी एकही नाव नाही. मी कोणाचा पक्षपात केला नव्हता. तो माझ्या नियमानेच परस्पर करून टाकला होता.

वस्तू थोडी आणि मागणारे पुष्कळ, अशा वेळी वाटणी कशी करावी, हा प्रश्न आपल्या घरात, शाळेत, गावात रोजचा आहे. पण तो अगदी उघड्यावर आणि दर आठवड्याला सोडवावा लागतो, तो इंग्लंडातल्या फुटबॉल संघांना. म्हणून त्यांचे उदाहरण घेऊ.

इंग्लंडात प्रीमियर लीग नावाची सर्वांत वरच्या दर्जाची साखळी स्पर्धा आहे. तीत २० संघ. प्रत्येक संघ मोसमात ३८ सामने खेळतो. १९ आपल्या मैदानावर, १९ दुसऱ्याच्या मैदानावर. घरच्या सामन्यांसाठी हजारो लोक मोसमी पास काढून ठेवतात. पण संघ परगावी खेळायला निघाला की त्याच्यामागे जाणाऱ्यांची वारीच निघते. पहाटे उठायचे, आगगाडीने किंवा बसने शेकडो मैल जायचे, पावसात ओरडून ओरडून घसा बसवायचा आणि बहुधा हरून मध्यरात्री घरी यायचे. याची गोडी ज्याला लागली, त्याला ती सुटत नाही.

या पाहुण्या प्रेक्षकांना बसण्यासाठी मैदानाचा एक वेगळा भाग राखलेला असतो. दोन्ही बाजूंचे लोक एकत्र मिसळू नयेत, मारामाऱ्या होऊ नयेत, म्हणून ही व्यवस्था. त्यासाठी नियमही आहे. यजमान संघाने पाहुण्यांना निदान ३,००० तिकिटे उपलब्ध करून द्यावीत. आणि मैदान ३०,००० पेक्षा कमी लोकांचे असेल, तर एकूण जागांच्या दहा टक्के.

आता हिशेब पाहा. बोर्नमथ या समुद्रकाठच्या गावचे मैदान २०२४ साली अवघे ११,००० च्या आसपास माणसांचे होते. म्हणजे पाहुण्यांच्या वाट्याला साधारण १,१०० जागा. समजा, एखाद्या मोठ्या संघाचे मोसमी पासधारक २५,००० आहेत. त्या सर्वांनी बोर्नमथला जायचे म्हटले, तर तेवीस माणसांत मिळून एक तिकीट!

पूर्वी अशा वेळी दाटीवाटीने उभे राहून काम भागे. पण १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर उभ्या प्रेक्षकांच्या भागात चेंगराचेंगरी झाली आणि तीत ९७ माणसे प्राणाला मुकली. यात प्रेक्षकांचा दोष नव्हता, असा निर्वाळा २०१६ साली ज्यूरीने दिला. या घटनेनंतर न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल १९९० साली आला आणि वरच्या दर्जाच्या मैदानांवर प्रत्येकाला खुर्ची हवी, असे ठरले. २०२२ पासून काही मैदानांवर परवान्याने सुरक्षितपणे उभे राहता येते. पण तेथेही माणसागणिक जागा ठरलेली. 'थोडे सरकून घ्या' ही सोय आता नाही. जागा मोजलेल्या आहेत, आणि म्हणूनच वाटणीचा प्रश्न अटळ आहे.

आता तीन माणसे डोळ्यांसमोर आणा. एक साठीचे गृहस्थ. तीस वर्षे संघाच्या मागे गावोगाव हिंडलेले. दुसरी इस्पितळातली परिचारिका; संघावर तिचाही तितकाच जीव, पण पाळीची नोकरी आणि घरी लहान मूल. तिसरा सोळा वर्षांचा पोरगा. त्याने परगावचा एकही सामना पाहिलेला नाही. तिकीट एकच आहे. सांगा पाहू, कोणाला द्याल?

पहिला उपाय पैशाचा. जो जास्त मोजील त्याचे तिकीट. व्यापाऱ्याच्या दृष्टीने हे सोपे. पण यात आवड मोजली जात नाही, खिसा मोजला जातो. श्रीमंताला शंभर पौंड म्हणजे काहीच नाही. त्या पोराला ते महिन्यांचे साठवलेले पैसे. इंग्लंडातल्या प्रेक्षक-संघटनांनी भाववाढीविरुद्ध बरीच वर्षे आवाज उठवला, आणि २०१६-१७ च्या मोसमापासून प्रीमियर लीगच्या संघांनी ठरवले की पाहुण्या प्रेक्षकाकडून ३० पौंडांहून अधिक घ्यायचे नाहीत. शिवाय परवानगीवाचून फुटबॉलचे तिकीट दुसऱ्याला विकणे हा तेथे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. काळा बाजार अजिबात होत नाही, असे नाही. पण तो उजळ माथ्याने करता येत नाही. मात्र एक ध्यानात घ्या. भाव बांधला, म्हणजे तिकिटे वाढली असे नव्हे. उलट स्वस्त झाल्यामुळे मागणारे वाढले. पैशाने निवड करायची नाही, तर मग कशाने करायची?

दुसरा उपाय रांगेचा. आधी येईल त्याला आधी. माझा फळ्यावरचा नियम हाच होता! रांग समान दिसते; पण ती पैशाऐवजी वेळ मागते. ज्याला रात्रभर खिडकीपाशी उभे राहता येते, तो जिंकतो. परिचारिकेची रात्रपाळी असेल, तर ती रांगेत उभी राहणार कशी? आता बहुतेक रांगा संगणकावर लागतात. तेथे थंडी वाजत नाही, हे खरे; पण सकाळी दहाच्या ठोक्याला ज्याचे हात मोकळे, त्याचेच फावते. काही ठिकाणी खिडकी उघडण्यापूर्वी येऊन थांबलेल्यांना संगणक कसेही पुढेमागे लावतो. मग ती रांग राहत नाही. ती सोडत होते, फक्त तिचे नाव रांग असते.

तिसरा उपाय गुणांचा, आणि इंग्लंडात तो पुष्कळ संघांनी पत्करला आहे. परगावच्या सामन्याचे तिकीट घेतले की नावावर गुण जमतात. नवी तिकिटे निघाली की पहिल्या दिवशी सर्वांत जास्त गुणवाल्यांना संधी, दुसऱ्या दिवशी त्यांच्या खालच्यांना, असे पायरीपायरीने खाली येतात. जो पावसापाण्यात, पराभवात संघाबरोबर राहिला, त्याला मोठ्या सामन्याच्या दिवशी आधी विचारायचे. साठीच्या गृहस्थांना हे मनापासून पटेल, आणि ते चुकीचेही नाही. निष्ठेला काही मोल असावे, हे आपल्यालाही पटते.

पण जरा खोलात जा. या पद्धतीत दोन भोके आहेत. पहिले असे की गुण तिकीट घेतल्याचे मिळतात, प्रत्यक्ष गेल्याचे नव्हे. मग काही लोक तिकीट घेतात, मित्राला देतात, आणि घरी बसून गुण वाढवतात. वर्गात मित्राकडून हजेरी लावून घेण्याचाच हा प्रकार! यावर उपाय म्हणून काही संघ निवडक लोकांची तिकिटे घरी न पाठवता सामन्याच्या गावी ओळखपत्र पाहून हातात देतात.

दुसरे भोक मोठे आहे, आणि ते कोणाच्या लबाडीने पडलेले नाही. तिकिटावाचून गुण नाहीत आणि गुणांवाचून तिकीट नाही. मग सोळा वर्षांच्या पोराने पहिला गुण मिळवायचा कोठे? परिचारिकेने बाळंतपणात एक मोसम गमावला, तर ती पायऱ्या उतरून खाली येते आणि पुन्हा वर चढणे कठीण होऊन बसते. दरवर्षी तेच लोक जातात, त्यांचेच गुण वाढतात, दार आतून बंद होते. जुनी माणसे काही दुष्ट नसतात. पण नियम असा, की आत असलेला आतच राहतो.

चौथा उपाय सोडतीचा. आपल्या भाषेत चिठ्ठ्या टाकण्याचा. प्राचीन अथेन्समध्ये पुष्कळशी सरकारी कामे चिठ्ठीने वाटली जात. आपल्याकडे २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे खाजगी शाळांतल्या पंचवीस टक्के राखीव जागांना अर्ज जास्त आले की सोडत काढतात, हे शिक्षकांना सांगायला नको. चिठ्ठी ओळख पाहत नाही, पैसा पाहत नाही, वेळ पाहत नाही. पण ती निष्ठाही पाहत नाही. तीस वर्षे हिंडलेल्या गृहस्थांची चिठ्ठी राहिली आणि काल उगवलेल्याची निघाली, तर त्यांना जे दुःख होईल, ते आपण हसण्यावारी नेऊ शकत नाही.

तर मग काय करावे? प्रत्येक उपाय कशाला तरी बक्षीस देतो. पैसा पैसेवाल्याला, रांग रिकाम्याला, गुण जुन्याला, चिठ्ठी नशिबाला. 'न्यायाचा उपाय कोणता?' असे विचारण्यापेक्षा 'आपल्याला कशाला मान द्यायचा आहे, आणि त्यापायी कोण बाहेर राहणार आहे?' असे विचारले, तर वाट सापडते. माझे मत मिश्रणाच्या बाजूने आहे.

आपल्या १,१०० तिकिटांचीच वाटणी करून पाहू. ७०० तिकिटे गुणांप्रमाणे द्यावीत; पण गुण मागच्या दोनतीन मोसमांचेच धरावेत, म्हणजे जुन्या भांडवलावर कोणी जन्मभर खाणार नाही. आजारपण किंवा बाळंतपण असेल, तर त्या मोसमापुरते गुण गोठवावेत, बुडवू नयेत. ३०० तिकिटे चिठ्ठीने द्यावीत. आणि अर्ज करूनही ज्याला मिळाले नाही, त्याच्या नावाच्या पुढल्या खेपेस दोन चिठ्ठ्या टाकाव्यात. उरलेली १०० पहिल्यांदाच जाणाऱ्या तरुणांसाठी ठेवावीत. चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांची सोय वेगळी, कारण तिला जागाच वेगळी लागते. हे आकडे देवाने लिहिलेले नाहीत. कोणी ७०० च्या जागी ८०० म्हणेल, तर त्यावर बसून बोलता येईल. पण ३०० आणि १०० यांचे शून्य करू नये. कारण तेवढ्या फटीतूनच नवा माणूस आत येतो. आणि नवा माणूस आला नाही, तर वीस वर्षांनी त्या गृहस्थांच्या जागी उभे राहून ओरडणार कोण?

मिश्रण कोणतेही करा, तीन पथ्ये मात्र पाळावी लागतात. पहिले, नियम मोसमापूर्वी जाहीर झाले पाहिजेत. अर्ज आल्यानंतर केलेला नियम कितीही चांगला असला, तरी तो कोणाचे तरी तोंड पाहून केला, असाच संशय येतो. दुसरे, हिशेब उघडा हवा. किती तिकिटे आली, किती गुणांनी गेली, किती चिठ्ठीने गेली, आणि खेळाडू व अधिकारी यांच्यासाठी किती बाजूला ठेवली, हे लोकांना कळले पाहिजे. तिसरे, ज्याला जाता येत नाही त्याने तिकीट मूळ किमतीत संस्थेकडे परत करावे आणि ते पुढल्या माणसाला मिळावे. तिकीट न मिळाल्याचे वाईट वाटतेच. पण वाटणी कशी झाली हे कळले, तर मनात अढी राहत नाही.

आता माझ्या गाडीकडे परत येतो. पुढल्या वर्षी मी नावनोंदणी तीन दिवस, संध्याकाळी पाचपर्यंत उघडी ठेवली. ज्यांनी वर्षभर सहलीच्या तयारीचे काम केले होते, त्यांच्यासाठी दहा जागा आधीच जाहीर केल्या. उरलेल्या ३४ जागांच्या चिठ्ठ्या सर्वांसमोर एका नव्या विद्यार्थ्याकडून उचलून घेतल्या. त्या विद्यार्थिनीची चिठ्ठी काही निघाली नाही. मला फार वाईट वाटले. ती मात्र तक्रार करायला आली नाही. आली ती एवढेच विचारायला, की कोणी मागे हटले तर पुढली चिठ्ठी कधी काढणार? आधल्या वर्षी तिला विचारण्यासारखेही काही उरले नव्हते.

शिक्षक बंधुभगिनींनो, आणि गावातल्या जाणत्या मंडळींनो, तुमच्याकडेही सहलीच्या जागा असतील, स्पर्धेला पाठवायची मुले असतील, गावकीची एखादी थोडकी वस्तू असेल. नियम लिहून भिंतीवर लावण्यापूर्वी एक काम करा. तो नियम घेऊन गावातल्या सर्वांत लांबच्या वाडीपर्यंत मनाने चालत जा, आणि तेथल्या मुलाला तुमच्या दारापर्यंत पोचायला किती वाजतील, ते मोजा.