पेटीतले पदक मोडीत घालण्याआधी

दिवाळीच्या आवराआवरीत जुन्या पेटीच्या तळाशी एखादे काळवंडलेले पदक हाती लागले, तर चांदी म्हणून ते लगेच सोनाराकडे नेऊ नका. आधी उजेडात धरून त्याची कड वाचा.

पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढल्या. त्या युद्धाच्या पदकावर एका बाजूस पंचम जॉर्ज राजाचे मुख, तर दुसऱ्या बाजूस घोडेस्वार आणि १९१४ व १९१८ हे आकडे असतात. लढणाऱ्या शिपायाचे पदक चांदीचे, मजूर तुकडीतल्या माणसाचे काशाचे. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत त्याचा नंबर, हुद्दा, नाव व पलटण ठोकलेली असते.

टोपीच्या बिल्ल्यावर मात्र नाव नसते; तो चिन्हावरून ओळखावा. बिगुलाचे चिन्ह मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या बिल्ल्यावर दिसते. विलायतेत तर शिपाई अशाच चिन्हाची नाजूक पिन घडवून बायकोला देत.

पदक चिंचेने वा राखेने घासू नका, अक्षरे झिजतात. मऊ कोरड्या फडक्याने पुसा. कडेवरचा मजकूर वहीत उतरवा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना त्या माणसाविषयी विचारून तेही लिहून ठेवा.

१९८० साली चांदीचा भाव भडकला, तेव्हा अशी कित्येक पदके मुशीत गेली. चांदी बाजारात पुन्हा मिळेल. पण पणजोबांचे नाव असलेली दुसरी वस्तू घरात आहे का, ते आधी पाहा.