माशी कुठे बसते ते बघा

भाद्रपदात पाऊस जरा उघडला, की नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातून भगूरकडे जाताना रस्त्याकडेच्या गायींच्या पायांकडे बघावं. शेपूट काय, बाराही महिने हलतं. पण या दिवसांत पुढचे पाय थांबत नाहीत. उजवा आपटला, डावा आपटला, मान खाली घालून नडगीवरून तोंड फिरवलं, पुन्हा उजवा आपटला. जवळ जाऊन वाकलं तर गुडघ्याखाली, डोकं वर करून बसलेल्या पाच-सहा माश्या दिसतात. घरमाशीएवढ्याच आणि जवळपास तिच्याच रंगाच्या. फक्त तोंडापुढे एक काळी सुई सरळ बाहेर आलेली. घरमाशी चाटते, ही टोचते.

‘माश्या फार झाल्यात’ असं आपण म्हणतो आणि गोठ्यात कडुलिंबाच्या पाल्याचा धूर करतो. धुराला माझी हरकत नाही, तासभर तरी जनावराला उसंत मिळते. पण त्या एका शब्दात आपण चार-पाच निरनिराळे कीटक कोंबतो. पायावर बसणारी वेगळी, पाठीवर बसणारी वेगळी, जखम शोधणारी वेगळी, आणि मेंढीच्या नाकपुडीपुढे घिरट्या घालणारी आणखी वेगळी. प्रत्येकीचा जन्म वेगळ्या जागी होतो आणि प्रत्येकीमुळे होणारं नुकसानही वेगळं असतं. कुठली माशी आली आहे ते जनावर आपल्या हालचालीतून सांगत असतं. आपण ते वाचायला शिकलो नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पाय आपटायला लावणारी ती तबेला माशी. शास्त्रीय नाव स्टोमोक्सिस कॅल्सिट्रान्स, आणि त्यातल्या लॅटिन ‘कॅल्सिट्रान्स’चा अर्थच लाथा झाडणारा. नाव माशीचं, वर्णन गायीचं! डासांत फक्त मादी रक्त पिते, इथे नर आणि मादी दोघंही पितात. ती दिवसातून एखाद-दोन वेळा, काही मिनिटंच जनावरावर असते. उरलेला वेळ भिंतीवर, कुंपणावर, दावणीच्या खुंटावर बसून पचवण्यात जातो. त्यामुळे गायीच्या अंगावर औषध फवारलं तरी बहुतेक माश्या त्या वेळी दुसरीकडेच असतात. अंडी घालायला तिला गव्हाणीतून सांडलेली वैरण, भिजून कुजलेला कडबा, त्यात मुरलेलं मूत्र आणि शेण असा ओला थर आवडतो. उबदार हवेत अंड्यापासून माशी व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणजे पोळ्याच्या सुमारास गव्हाणीखाली जे कुजत राहिलं, त्याच्या माश्या गणपती उठेपर्यंत गायीच्या पायावर येतात. गोठ्याचा तो कोपरा आठवड्याला खरवडून काढणं आणि कुजलेलं पसरून वाळवणं हे कंटाळवाणं काम आहे. पण या माशीवर त्याच्याइतका चालणारा दुसरा उपाय मला ठाऊक नाही.

तिचा चावा दुखतो, त्यामुळे तिचं जेवण क्वचितच पुरं होतं. गाय पाय झाडते, माशी उडते आणि शेजारच्या गायीवर बसून राहिलेलं पुरं करते. सोंडेवर पहिलीचं रक्त अजून ओलं असतं.

लंपीच्या वेळी ही गोष्ट फार महागात पडली. देवीच्या कुळातल्या विषाणूचा हा चर्मरोग पहिल्यांदा १९२९ मध्ये आफ्रिकेत, आजच्या झांबियात नोंदला गेला. भारतात तो २०१९ मध्ये ओडिशात दिसला आणि ऑगस्ट २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातून महाराष्ट्रात पसरू लागला. ऐन पोळ्याचे दिवस होते, आणि माश्यांचेही. पुढे राज्यभर जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, शेळ्यांच्या देवीची लस गायी-बैलांना टोचण्यात आली. मेलेल्या दुभत्या गायीमागे ३०,००० रुपये, बैलामागे २५,००० आणि वासरामागे १६,००० अशी सरकारी मदत ठरली. ही लस गायीला वाचवते, माशीला नाही. विषाणू माशीच्या पोटात वाढत नाही. तो तिच्या तोंडावरून नुसता वाहिला जातो, डास आणि गोचीडही ते काम करतात. ज्या गोठ्यात चावणारे कीटक कमी, तिथे विषाणूला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला वाहन कमी.

पाठीवर आणि पोटाच्या बाजूला बसते ती मोठी, मधमाशीहून जाड, हिरवट डोळ्यांची टॅबॅनस. कुणी तिला गोमाशी म्हणतं, कुणी घोडमाशी. ती टोचत नाही, कातडी कापते. उडून गेली तरी मागे रक्ताचा थेंब ओघळत राहतो. फक्त मादी रक्त पिते, नर फुलांतल्या रसावर जगतो. अंडी पाण्याकाठच्या पानांवर घातली जातात आणि अळ्या चिखलात उतरून इतर किडे खात महिनोन्‌महिने काढतात. दारणा नदीच्या काठची दलदल, पाझराची शेतं, कालव्याकडेचा ओला पट्टा ही तिची घरं. गोठा कितीही झाडला तरी ही माशी तुमच्या उकिरड्यातून येतच नाही. तिच्यावर उपाय म्हणजे जनावर त्या दिवसांत भर उन्हात नदीकाठी न चारणं.

या माशीचा इतिहास घोड्यांशी जोडलेला आहे. देवळाली हे छावणीचं गाव, १९४७ पासून तोफखाना विद्यालयाचं गाव, आणि घोडा-खेचर हेच एकेकाळी तोफखान्याचे पाय होते. त्या काळात लष्कराला ज्या रोगाचा धसका होता तो ‘सर्रा’. घोड्याला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. अंगातलं रक्त आटतं, पोटाखाली आणि पायांवर सूज उतरते, आणि खाणं चालू असूनही घोडा वाळत जाऊन मरतो. १८८० मध्ये डेरा इस्माईल खान इथे ग्रिफिथ इव्हान्स या लष्करी पशुवैद्याला घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात वळवळणारा एक सूक्ष्म जीव दिसला. रोगाचं कारण हाच, असं तो सांगत राहिला आणि वरिष्ठ ते मानायला तयार नव्हते. आज त्या परजीवीचं नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय आहे.

पुढचं काम आपल्या पुण्यात झालं, हे फार कमी लोकांना माहीत असतं. ९ डिसेंबर १८८९ रोजी पुण्यात सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा सुरू झाली. आज बरेलीजवळ इज्जतनगरला असलेली भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांनी सर्राचा पिच्छा पुरवला आणि १८९३ मध्ये घोड्यांच्या सर्रावरचा त्यांचा अहवाल मुंबईत छापला गेला. त्याच वर्षी प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. माशीचा गुन्हा सिद्ध केला तो लिओनार्ड रॉजर्स यांनी १९०१ मध्ये. रोगी जनावराचं रक्त पिणारी घोडमाशी मध्येच उचलून लगेच निरोगी जनावराला चावू दिली, तर रोग लागला. तीच माशी एक दिवस ठेवून मग चावू दिली, तर लागला नाही. या एका प्रयोगातून आजही उपयोगी पडेल असं शहाणपण निघतं. अर्धवट जेवलेली माशी बहुधा हाताशी असलेल्या जनावराकडेच वळते. गाय-म्हैस सर्रा अंगात बाळगूनही पुष्कळदा धडधाकट दिसते, घोडा मात्र त्याने मरतो. म्हणून घोडा म्हशींच्या दावणीला बांधू नये, थोडा लांब बांधावा. मधल्या अंतरात माशीच्या तोंडावरचं रक्त वाळून जातं.

हा रोग माणसाला होत नाही, असं शंभराहून अधिक वर्षं सगळी पुस्तकं सांगत होती. मग २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका पशुपालक शेतकऱ्याला महिनोन्‌महिने येऊन-जाऊन ताप राहिला, आणि त्याच्या रक्ताच्या काचेवर ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय दिसला. जगातली माणसातली ही पहिली पक्की नोंद. जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने सुरामिन हे औषध आलं आणि तो माणूस बरा झाला. त्याच्या गावातल्या १,८०६ जणांची तपासणी केली गेली. काहींच्या रक्तात या परजीवीशी सामना झाल्याच्या खुणा सापडल्या, परजीवी मात्र कुणातच दिसला नाही. मग याच एकाला का? उत्तर २००६ मध्ये मिळालं. आपल्या सगळ्यांच्या रक्तात एपीओएल-१ नावाचं एक प्रथिन असतं, ते या परजीवीला फोडून मारतं. या शेतकऱ्याच्या शरीरात जन्मापासूनच ते तयार होत नव्हतं. सर्रा झालेल्या जनावरांमध्ये निर्धास्त वावरताना आपल्याला वाचवणारी गोष्ट काय आहे, हे विदर्भातल्या एका गोठ्यातल्या माणसामुळे जगाला कळलं. मला ही कहाणी महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत सांगावीशी वाटते.

मेंढ्यांच्या माशीबद्दल थोडक्यात. धनगरांच्या मेंढ्या शेतात बसवल्या असतील तेव्हा दुपारी नीट बघा. त्या गोल करून, एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून उभ्या असतात. उन्हामुळे असं करतात हे अर्धं खरं. ईस्ट्रस नावाची माशी उडता उडता नाकपुडीवर जिवंत अळ्या सोडते आणि मेंढ्या नाक लपवत असतात. त्या अळ्या कपाळाच्या पोकळीत चढून महिनोन्‌महिने राहतात, मेंढी शिंकत राहते, नाकातून शेंबूड वाहतो. क्वचित ती माशी मेंढपाळाच्या डोळ्यातही अळ्या सोडून जाते.

आता जखमेवरची माशी. जखमेत किडे पडणं, म्हणजे आसडी पडणं, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. समज असा, की जखम सडली म्हणून किडे पडले. पण क्रायसोमिया बेझियाना ही निळसर-हिरवी माशी सडक्या मांसाकडे जातच नाही, तिला जिवंत मांस लागतं. वेसणीने चिरलेलं नाक, जू घासून आलेली खांदेसूज, मोडलेलं शिंग, गोचीड उपटल्याचा ठिपका, नुकत्या जन्मलेल्या वासराची ओली नाळ, एवढंसं दार तिला पुरतं. जखमेच्या कोरड्या कडेला ती दीडशेच्या आसपास अंडी एकगठ्ठा चिकटवते. दिवसभरात अळ्या निघतात आणि डोकं आत, श्वासाची छिद्रं बाहेर अशा उभ्या मांसात शिरतात. त्या जखमेचा वास आणखी माद्यांना बोलावतो. पाच ते सात दिवसांनी पोसलेल्या अळ्या खाली गळतात, मातीत कोष करतात आणि ऊब असली तर आठवडाभरात नवी माशी उडते.

अमेरिकेत हिची चुलत बहीण होती. तिच्यावर एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या दोघांनी केलेला विचार मला कीटकशास्त्रातला सर्वांत सुंदर विचार वाटतो. मादी आयुष्यात एकदाच जुगते, हे त्यांनी हेरलं. मग किरणांनी नापीक केलेले नर विमानांतून लाखोंनी सोडले तर माद्यांची ती एकमेव संधी वाया जाईल. १९५४ मध्ये कुरसाव बेटावर हे करून दाखवलं आणि १९६६ मध्ये अमेरिकेने आपला देश त्या माशीपासून मुक्त झाल्याचं जाहीर केलं. पुढे पनामापर्यंत तिला मागे रेटलं. ती तटबंदी २०२३ पासून ढासळली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये माशी पुन्हा मेक्सिकोत पोचली. पहारा सैल झाला की ती परतते.

आपल्याकडे अशी विमानं नाहीत, सीताफळ आहे. पाला ठेचून जखमेत भरला की किडे वर येतात, हे आजीच्या हातचं औषध आंधळं नाही. सीताफळाच्या पाल्यात आणि बियांत असलेली रसायनं किड्याच्या पेशींना ऊर्जा मिळूच देत नाहीत. बियांची पूड मात्र डोळ्यात गेली तर डोळा दुखावते, तेव्हा जपून. दवाखान्यात टर्पेंटाइनचा बोळा जखमेत धरतात. अळ्यांचा श्वास कोंडतो, त्या माना वर काढतात आणि चिमट्याने एकेक उचलता येते. गरज असेल तर डॉक्टर आयव्हरमेक्टिन टोचतात, पण ते विचारून. त्याचा अंश दुधात उतरतो, आणि शेणात उतरून शेण गाडणाऱ्या भुंग्यांच्या पिल्लांनाही मारतो.

दारणेकाठच्या एका वस्तीवर मी हे चिमट्याचं काम बघत उभा होतो. वासराची नाळ होती. धरायला मदत म्हणून मी खाली बसलो, एक अळी चिमट्यातून सुटून मातीत पडली, आणि मी ती तशीच सोडली. घरच्या म्हातारीने लगेच रॉकेलचा डबा पुढे सरकवला.

“खाली नको टाकू रे बाबा, उचल ती. आठ दिवसांनी उडून हिथंच येईल.”

मी माती चाळून ती शोधली. तेवढ्यात ती बोटभर आत गेली होती.