मुक्कामाची खोली : आधी पाणी पाहा, मग पलंग

परीक्षा आटोपल्या की सिंदी मेघेच्या घराघरांत एकच विषय निघतो, "यंदा कुठे जायचे?" वर्धा जंक्शन तर हाकेच्या अंतरावर. मुंबई-हावडा आणि दिल्ली-चेन्नई हे दोन्ही लोहमार्ग आपल्या दारावरून जातात. त्यामुळे तिरुपती, रामेश्वर, कन्याकुमारी असो की कोकण, गोवा, केरळ असो, निघायला आपल्याला फारसे जड जात नाही. गाडीचे आरक्षण आपण दोन महिने आधी करतो. डब्यात न्यायच्या तिखट पुऱ्या आणि चिवडा किती, हेही ठरलेले असते. मुक्कामाचे मात्र "तिथे गेल्यावर बघू" असे होते. कुणी मोबाईलवर छायाचित्रे पाहून खोली ठरवतात. त्या छायाचित्रांत पलंग दिसतो, पडदे दिसतात, टीव्ही दिसतो. पाण्याची टाकी कुणी दाखवत नाही.

समजा, एक कुटुंब दहा दिवसांची दक्षिण यात्रा करून घरी आले. सोबत सत्तरीचे आजोबा होते, गुडघे दुखणाऱ्या आजी होत्या आणि सात महिन्यांची गरोदर सून होती. सगळे ठणठणीत परतले. शेजाऱ्यांना प्रसाद वाटून झाला. महिनाभराने सुनेला मळमळ सुरू झाली, भूक मेली, डोळे पिवळे दिसू लागले. घरचे म्हणाले, परवाच्या बाजारातल्या पाणीपुरीने झाले असेल. महिन्यापूर्वी लॉजच्या नळाचे पाणी तीन दिवस प्यायलो होतो, हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही.

वाचकहो, आजचा मुद्दा नेमका हाच आहे. मुक्कामाच्या जागेने दिलेला आजार बहुधा त्या जागेवर दिसत नाही. तो आपल्यासोबत घरी येतो आणि मग डोके वर काढतो.

आजाराला लागणारा वेळ

जंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत काही काळ जातो. डेंग्यूला साधारण ४ ते १० दिवस लागतात. हिवतापाला किमान आठवडा, बहुधा १० ते १५ दिवस आणि कधी कधी काही महिनेसुद्धा लागतात. विषमज्वर, म्हणजे टायफॉईड, बहुतेक वेळा एक ते तीन आठवड्यांत दिसतो. दूषित पाण्यातून होणाऱ्या काविळीचे दोन मुख्य प्रकार आहेत. 'ए' प्रकाराला १५ ते ५० दिवस आणि 'ई' प्रकाराला २ ते १० आठवडे लागू शकतात. यातली 'ई' प्रकारची कावीळ एरवी बहुतेकांना बरी होते, पण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ती झाली तर शंभरातल्या वीस ते पंचवीस स्त्रिया दगावू शकतात. वरच्या उदाहरणातल्या सुनेसाठी प्रश्न जिवाचा आहे, तो यामुळे.

१९७६ च्या जुलै महिन्यात अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात माजी सैनिकांचे अधिवेशन एका मोठ्या हॉटेलात भरले होते. लोक आपापल्या गावी परतले आणि मग एकेक जण न्यूमोनियाने आजारी पडू लागला. अनेकांचा मृत्यू झाला. हे कशामुळे झाले, ते पुढच्या वर्षी कळले. पाण्यात वाढणारा एक जिवाणू हॉटेलच्या वातानुकूलन यंत्रणेतून हवेत पसरला असावा, असा निष्कर्ष निघाला. ते हॉटेल नामांकित होते. तेव्हा खोलीचे भाडे आणि खोलीचे आरोग्य यांचे गणित नेहमी जुळतेच असे नाही.

पहिला प्रश्न पाण्याचा

काउंटरवर भाडे विचारण्याआधी पाणी विचारावे. पिण्याचे पाणी नळाचे, बोअरचे की टँकरचे? गच्चीवरच्या टाकीला झाकण आहे का? ती शेवटची कधी धुतली? मॅनेजरने नीट उत्तर दिले तर निम्मे काम झाले. "आजवर कुणी तक्रार केली नाही" हे उत्तर मिळाले तर समजून घ्यावे. तक्रार करणारा तोवर आपल्या गावी जाऊन आजारी पडलेला असतो.

स्वच्छ दिसणारे पाणी शुद्ध असतेच असे नाही. काविळीचे आणि विषमज्वराचे जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, पाण्याला वासही आणत नाहीत. सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे पाणी उकळणे. खळखळ उकळी आल्यावर एक मिनिट उकळू द्यावे आणि झाकून थंड करावे. लॉजच्या स्वयंपाकघरात सांगून किंवा सोबत विजेची लहान किटली नेऊन हे जमते. ते शक्य नसेल तर क्लोरिनच्या गोळ्या वा थेंब पाकिटावर दिलेल्या प्रमाणात टाकावेत आणि किमान अर्धा तास थांबावे. पाणी गढूळ असेल तर आधी स्वच्छ कापडाने गाळून घ्यावे. बाटली विकत घेतली तर झाकणाचे सील आपल्या हाताने तोडावे.

दात घासायलाही हेच पाणी वापरावे. पिण्यापुरती काळजी घेऊन नळाच्या पाण्याने चूळ भरली, किंवा सरबतात बर्फ टाकून घेतला, तर केलेले सारे वाया जाते. खोली बरेच दिवस बंद असेल तर खिडकी उघडून नळ आणि शॉवर काही मिनिटे वाहू द्यावे आणि तोवर आपण बाहेर थांबावे. साचलेल्या पाण्यातले जंतू आंघोळीच्या तुषारांबरोबर छातीत जाऊ नयेत, हा हेतू.

संडास आणि स्वयंपाकघर

खोलीचा संडास पाहिल्याशिवाय किल्ली घेऊ नये. पाणी भरपूर आहे का, निचरा होतो का, हात धुण्याच्या जागी साबण आहे का, हे पाहावे. यजमानाची स्वच्छतेची जाण बैठकीतल्या फुलदाणीपेक्षा संडासात लवकर कळते.

तीच गोष्ट स्वयंपाकघराची. भांडी कुठे धुतात आणि आचारी हात कुठे धुतो, एवढे डोकावून पाहिले तरी पुरे. जेवण गरमागरम घ्यावे. कापून ठेवलेली फळे, उघड्यावरची चटणी, कोशिंबीर टाळावी. सोललेले केळे आणि वाफाळती इडली हे दक्षिणेतले सुरक्षित आणि स्वस्त खाणे आहे.

ही अपेक्षा काही आजची नाही. १८६७ सालच्या सराई कायद्यात खोल्या, ओसऱ्या, गटारे आणि पाण्याच्या विहिरी साफ ठेवणे हे सराई चालवणाऱ्याचे कर्तव्य म्हणून लिहिले होते. संसर्गजन्य रोगी आढळल्यास पोलीस ठाण्याला कळवण्याचीही सक्ती होती. आणि विदर्भातल्या माणसाला तर उदाहरणासाठी लांब जायला नको. शेगावच्या भक्तनिवासात आपण सारे राहून आलो आहोत. साधी खोली, बेताचे भाडे आणि झाडलेली फरशी एकत्र नांदू शकतात, हे तिथे दिसते. मग दुसरीकडे तेवढी अपेक्षा का ठेवू नये?

डास दिवसाही चावतो

हिवतापाचा डास रात्री चावतो, डेंग्यूचा दिवसा. म्हणून फिरून आल्यावर दुपारी पंख्याखाली डुलकी घेतानाही काळजी हवी. खिडक्यांना जाळी आहे का? कूलरमध्ये, कुंड्यांखालच्या ताटल्यांत, मागच्या अंगणातल्या टायरांत पाणी साचले आहे का? डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडता डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, म्हणजे मागच्या पाहुण्याच्या वेळचे पाणी आपल्या वेळी डास देते.

जाळी नसेल तर घरची मच्छरदाणी सोबत न्यावी. वजन किलोभरही नसते. मच्छर अगरबत्तीचा धूर बंद खोलीत दमेकऱ्यांना आणि लहान मुलांना त्रास देतो. १९३६ साली गांधीजी आपल्या सेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहायला आले आणि त्याच वर्षी त्यांनाही हिवतापाने गाठले होते. डास कुणाचा मोठेपणा पाहत नाही.

कोकणात वा गोव्यात शेतावरच्या घरगुती मुक्कामी उतरणार असाल तर जमिनीवर न झोपता खाटेवर झोपावे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. रात्री अंथरुणात शिरणाऱ्या मण्यार सापापासूनही ती वाचवते. रात्री बाहेर पडताना बॅटरी घ्यावी. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून अनवाणी चालू नये. उंदराच्या मुताने दूषित झालेल्या अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस होतो आणि कोकण, गोवा, केरळ या भागांत तो आढळतो.

हवा : आपली कोरडी, तिथली दमट

आपण वर्धेकर ४५ अंशांचा उन्हाळा काढणारी माणसे. ३४ अंश म्हणजे आपल्याला काहीच नाही, असे वाटते. पण किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही. आपल्याकडचा कूलर कोरड्या हवेमुळे चालतो. समुद्राकाठी तोच कूलर खोली आणखी दमट करतो. तिथे समोरासमोर खिडक्या आणि चांगला पंखा हवा. गच्चीच्या स्लॅबखालची खोली स्वस्त मिळते, पण रात्रभर तापलेली राहते. म्हाताऱ्यांसाठी ती घेऊ नये.

थंड हवेच्या ठिकाणी धोका उलटा असतो. न्हाणीघरात गॅस गिझर असेल तर हवा बाहेर जायला मोकळी वाट आहे का, हे आधी पाहावे. बंद जागेत गॅस वा कोळसा जळला की कार्बन मोनॉक्साईड हा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक एका खोलीत दारे-खिडक्या लावून गॅसचा हीटर पेटवून झोपले. त्यांत चार मुले होती. आठही जण दगावले. गॅसची वा कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून कधीही झोपू नये.

पलंग, पायऱ्या आणि बाहेरची वाट

आता पलंग. गादीच्या शिवणीत आणि पलंगाच्या सांध्यांत बॅटरी मारून पाहावी. काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत. ढेकणाने रोग पसरत नाही, पण झोप जाते, अंगाला खाज सुटते आणि तो बॅगेत बसून सिंदी मेघेपर्यंत येतो. बॅग जमिनीवर वा पलंगावर न ठेवता टेबलावर ठेवावी. घरची एक चादर आणि उशीचा अभ्रा सोबत असावा.

आजी-आजोबांसाठी तळमजल्याची खोली मागावी. गुडघे वाकत नसतील तर कमोड आहे का, हे फोनवरच विचारावे. ओली गुळगुळीत फरशी म्हणजे मांडीचे हाड मोडण्याचे आमंत्रण. न्हाणीघरात रबरी पायपुसणे टाकावे आणि रात्री दिवा चालू ठेवावा. मधुमेही माणसाने इन्शुलिन ठेवायला फ्रीज मिळेल का आणि जेवण वेळेवर मिळेल का, हे विचारून घ्यावे. फ्रीज नसेल तर ओल्या वाळूतले मातीचे मडके काही दिवस काम भागवते. गरोदर स्त्रीने प्रवास ठरवण्याआधीच आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

खोलीत शिरल्यावर शेवटचे काम म्हणजे जिन्यापर्यंत एकदा चालून यावे आणि दुसरी वाट कुठे आहे ते पाहून ठेवावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या करोलबागेतील एका हॉटेलला पहाटे आग लागली आणि १७ जण मृत्युमुखी पडले. झोपेतून उठलेल्या माणसाला धुरात वाट शोधता येत नाही. ती आधी पाहिलेली असावी लागते.

परत आल्यावर

घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात धुवावेत आणि बॅगा आपल्या कडक उन्हात ठेवाव्यात. त्यानंतर दोन महिने एक गोष्ट लक्षात ठेवावी. ताप आला, डोळे पिवळे झाले, जुलाब थांबेनात किंवा दम लागला, तर डॉक्टरांना न विचारताही सांगावे, "आम्ही अमुक तारखेला अमुक गावी, अशा ठिकाणी मुक्काम केला होता, पाणी असे होते, डास असे होते." या दोन वाक्यांनी कोणती तपासणी आधी करायची ते ठरते आणि दोन-तीन दिवस वाचतात. काही आजारांत तेच दोन-तीन दिवस मोलाचे असतात. तापात मनाने ॲस्पिरिन वा दुखण्याच्या इतर गोळ्या घेऊ नयेत. डेंग्यू असल्यास त्यांनी रक्तस्राव वाढू शकतो. जुलाब होत असतील तर क्षारसंजीवनीचे पाकीट सांगितलेल्या पाण्यात घोळून थोडे थोडे पाजत राहावे आणि दवाखाना गाठावा. वर्ध्याचे सामान्य रुग्णालय, सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगी मेघेचे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय ही तिन्ही आपल्याला जवळच आहेत.

खोली पाहायला दहा मिनिटे लागतात. स्टेशनवरून थकून आल्यावर ती दहा मिनिटे जड वाटतात, मुले कुरकुर करतात, रिक्षावाला घाई करतो. अशा वेळी घरातल्या एकाने सामानाजवळ थांबावे आणि दुसऱ्याने आत जाऊन टाकी, संडास, खिडकी आणि गादी या चार गोष्टी पाहून याव्यात. मन भरले नाही तर संकोच न करता पुढच्या लॉजकडे वळावे. खोली न आवडणे हा काही अपमान नव्हे. यात्रेचे पुण्य असो की सहलीची मौज, ती घेऊन सगळे जसे गेले तसे घरी परतले, तरच ती आपली.