आरआयपी टाइप केलं, पुढे काय?

*ग्रुपवर तीन अक्षरं टाकून आपण मोकळे होतो. पण ज्यांच्याकडून ही अक्षरं आली, ते कॅथलिक लोक वर्षानुवर्षं गेलेल्या माणसाचं नाव घेत राहतात. २ नोव्हेंबरच्या निमित्ताने, होस्टेलच्या रूमवर कळलेली ही गोष्ट.*

क्लासच्या ग्रुपवर मेसेज येतो. कुणाचे तरी वडील गेलेले असतात. दोन मिनिटांत ओळीने आरआयपी, आरआयपी, हात जोडलेला इमोजी, पुन्हा आरआयपी. संध्याकाळी त्याच ग्रुपवर कुणीतरी असाइनमेंटची पीडीएफ मागतं आणि विषय संपतो. तुम्हीही हे केलंय, मीही केलंय. त्यात वाईट हेतू नसतो. काय बोलावं तेच कळत नाही, म्हणून आपण तीन अक्षरं टाकतो.

पण ही अक्षरं मुळात काय आहेत, माहितीये? लॅटिनमध्ये 'रेक्विएस्कात इन पाचे', म्हणजे 'त्याला शांतीत विसावा मिळो'. इंग्रजीतही तीच आद्याक्षरं जुळली. शतकानुशतकं ही अक्षरं ख्रिस्ती थडग्यांवर कोरली गेली. ती मेलेल्या माणसासाठी देवाकडे केलेली विनंती आहे. थोडक्यात, तुम्ही कधी आरआयपी टाइप केलं असेल, तर नकळत एक कॅथलिक प्रार्थना करून झालीये!

आष्टीहून होस्टेलपर्यंत

मी आष्टीची. बीडची आष्टी नाही हं, परतूर तालुक्यातली, जालना जिल्ह्यातली. हे प्रत्येक वेळी सांगावंच लागतं. मृतांची आठवण म्हणजे माझ्यासाठी सर्वपित्री अमावस्या. घरात खीर-वडे, गच्चीवर पान ठेवायचं आणि कावळ्याची वाट बघायची. आजी गेल्यावर पहिल्या वर्षी कावळा लवकर येईना, तर आई रडकुंडीला आली होती.

मिस्सा हा शब्द मी संभाजीनगरला शिकायला आल्यावर पहिल्यांदा ऐकला, रूम पार्टनरच्या तोंडून. ती वैजापूरकडची. त्या भागात घोगरगावला १८९०च्या दशकात फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाच्या संघाचे धर्मगुरू आले. हा संघ मूळचा फ्रान्समधल्या अ‍ॅनेसीचा. तिथून गावोगाव कॅथलिक वस्त्या उभ्या राहिल्या. पुढे १९७७ मध्ये अमरावतीपासून वेगळा होऊन औरंगाबाद धर्मप्रांत झाला. त्यात मराठवाड्याचे जिल्हे येतात, आपला जालनाही येतो. धर्मप्रांत म्हणजे बिशपांचं क्षेत्र. त्याच्या आत असतात धर्मग्रामं, म्हणजे एक चर्च, एक-दोन फादर आणि त्याला जोडलेली आसपासची गावं.

आता जालन्याचे वाचक म्हणतील, आमच्याकडे तर ख्रिस्ती लोक त्याहून जुने आहेत. बरोबर. एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्यात काम केलं, जवळच बेथेल वसवलं. पण ती परंपरा प्रोटेस्टंट. आणि गंमत अशी, की मृतांसाठी प्रार्थना करायची की नाही, यावरच या दोन भावंडांचं जुनं भांडण आहे. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन ल्यूथर यांनी पंच्याण्णव मुद्दे मांडले, ते मृतांच्या नावावर चाललेल्या पैशांच्या व्यवहाराबद्दल होते. मेलेल्या नातेवाइकाची शिक्षा कमी व्हावी म्हणून लोक पैसे देऊन माफीपत्रं घ्यायचे. पुढे प्रोटेस्टंटांनी मृतांसाठीची प्रार्थनाच सोडली. माणूस गेला, तो देवाच्या हाती. आता मागे राहिलेल्यांसाठी प्रार्थना करा, ही त्यांची भूमिका. कॅथलिकांनी प्रार्थना ठेवली. १५६३ मध्ये ट्रेंटच्या धर्मसभेने शुद्धीस्थानाची शिकवण कायम केली, पण त्यातून पैसा आणि अंधश्रद्धा बाहेर काढा असं बिशपांना बजावलं.

शुद्धीस्थान म्हणजे छोटा नरक नव्हे. माझाही तसाच समज होता. कॅथलिक शिकवण अशी, की देवाशी मैत्री असतानाच गेलेला, पण अजून पूर्ण शुद्ध न झालेला माणूस स्वर्गाच्या वाटेवरच असतो. आपण त्याला त्या वाटेवर मदत करू शकतो. म्हणून १ नोव्हेंबर सगळ्या संतांचा आणि २ नोव्हेंबर बाकी सगळ्यांचा, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्यांचा. ही २ नोव्हेंबरची तारीख फ्रान्समधल्या क्लुनी मठाचे प्रमुख ओदिलो यांनी साधारण एक हजार वर्षांपूर्वी आपल्या मठांसाठी ठरवली. मग ती सगळीकडे पसरली.

व्हिडिओ कॉलवरची माती

माझ्या मैत्रिणीचे पप्पा एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाने गेले. तेव्हा अंत्यविधीला वीसच माणसांची परवानगी होती. ती स्वतः पॉझिटिव्ह, खोलीत बंद. पप्पांवर माती पडताना तिने मोबाइलवर पाहिलं आणि मध्येच रेंज गेली. सातव्या दिवसाची मिस्सा झाली, महिन्याची झाली. पण चर्च बंद होतं, फादरांनी एकट्यानेच अर्पण केली. फोन करून 'नाव घेतलं' एवढं कळवलं.

"मला तर पप्पा बाहेरगावी गेल्यासारखंच वाटायचं," ती म्हणाली. "रडूच आलं नाही. मला वाटलं, माझ्यातच काहीतरी बिघडलंय."

तुमच्याही बॅचमध्ये असं कुणीतरी असणार. आपली ती दहावी-बारावीची वर्षं आठवा. कितीजणांचे आई-वडील, आजी-आजोबा गेले आणि कितीजणांना शेवटचं तोंड बघायला मिळालं?

राज्यातली प्रार्थनास्थळं ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडली. त्यानंतर महिनाभरातच २ नोव्हेंबर आला. तिच्या गावासाठी कोरोनानंतरचा हा पहिला मृतांचा दिवस. त्याच्या आधीच्या वर्षी त्या तारखेला चर्च बंदच होतं. अनेक धर्मग्रामांत नोव्हेंबरच्या सुरुवातीला घरोघरच्या लोकांकडून गेलेल्यांची नावं कागदावर लिहून घेतात आणि तो कागद महिनाभर वेदीजवळ ठेवतात. मैत्रिणीच्या मम्मीने कागद लिहिला आणि पिशवीतल्या नोटा मोजत बसली. कमावणारं माणूस गेलेलं. मिस्सेसाठी द्यायचे पैसे कुठून आणायचे?

ती चर्चच्या प्रचारकाला भेटली. तो म्हणाला, "पैसे असतील तर द्या, नसतील तर राहू द्या. नाव ठेवा."

मला वाटलं, ही त्या माणसाची दया असेल. म्हणून मी नियम शोधले. चर्चची १९८३ची कायदासंहिता आहे. तिच्या कलम ९४५ मध्ये लिहिलंय, की मिस्सेसाठी देणगी स्वीकारता येते, पण देणगी नसली तरी धर्मगुरूने विश्वासूंसाठी, विशेषतः गरजूंसाठी, मिस्सा अर्पण करावी असं आग्रहाने सुचवलं आहे. त्यापुढच्या कलमांत या देणगीला व्यापाराची छटासुद्धा येऊ नये असं बजावलंय. देणगी किती, हे फादरने मनाने ठरवायचं नाही, त्या भागातल्या बिशपांनी ठरवायचं. कुणाची मिस्सा बाकी आहे, याची नोंद वहीत ठेवायची. ल्यूथरच्या भांडणातून चर्च काय शिकलं, ते या कलमांत दिसतं.

फवारणीचा पंप

त्या दिवशी दफनभूमीत मिस्सा झाली. कबरी आदल्या दिवशीच साफ केलेल्या, झेंडूची फुलं, मेणबत्त्या. फादरांनी नावं वाचायला सुरुवात केली. यादी लांबलचक, कारण ते वर्षच तसं होतं. पप्पांचं नाव आलं, नेहमीच्या माइकवरून, सगळ्या गावासमोर. तेव्हा ती पहिल्यांदा रडली.

पण तिला जास्त आठवतं ते नंतरचं. मिस्सा संपल्यावर फादर प्रत्येक कबरीवर पवित्र पाणी शिंपडत पुढे गेले आणि लोक एकमेकांच्या कबरींपाशी थांबू लागले. शेजारच्या वस्तीवरचा एक माणूस तिच्याजवळ आला. म्हणाला, "पोरी, तुज्या पप्पाचा फवारणीचा पंप माज्याकडंच ऱ्हायलाय. मागायला आलेच नाहीत ते. कधी देऊ?" दुसरी एक बाई म्हणाली, लेकीच्या बाळंतपणाला रात्री दोन वाजता तुझ्या पप्पांनीच जीप करून दिली होती. घरी कुणालाच हे माहीत नव्हतं.

वीस माणसांच्या अंत्यविधीत जे बोलायचं राहून गेलं होतं, ते सात महिन्यांनी त्या कबरीशेजारी बोललं गेलं.

मी तिला सरळ विचारलं, "पण पप्पांना खरंच काही पोचतं का?"

"तुमच्या कावळ्याला विचार," ती हसून म्हणाली. मग थोड्या वेळाने, "मला नाही माहीत गं. कधी कधी विश्वास बसतो, कधी नाही. दादा तर चर्चला यायचाच बंद झालाय, देवावर चिडलाय तो. पण २ तारखेला येतो. मागे उभा राहतो."

मुलगी चालते?

माझा पुढचा प्रश्न तुम्हालाही पडला असेल. हे सगळं करायचं कुणी? आमच्याकडे पिंडाचा विषय निघाला की मुलगा शोधतात. मिस्सेला तसं काही नाही. बायको, मुलगी, भाऊ, शेजारी, मित्र, कुणीही नाव देऊ शकतं. आणि कुणासाठी? कलम ९०१ म्हणतं, धर्मगुरू कुणासाठीही मिस्सा अर्पण करू शकतो, जिवंत असो वा मृत. त्यात 'ख्रिस्ती असेल तरच' अशी अट नाही.

शिवाय ज्यांचं नाव द्यायला कुणीच नाही, त्यांचं काय? २ नोव्हेंबर मुळात 'सर्व' मृतांसाठी आहे. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१५ मध्ये पोप पंधरावे बेनेडिक्ट यांनी जगभरच्या धर्मगुरूंना या एका दिवशी तीन मिस्सा अर्पण करायची मुभा दिली. रणांगणावर मेलेली पोरं मोजण्यापलीकडे गेली होती. ती मुभा आजही आहे.

गावापासून लांब राहणाऱ्यांसाठी तर एक सोळाशे वर्षं जुनी गोष्ट आहे. संत ऑगस्टीन यांची आई मोनिका आफ्रिकेची. घरी परतायला जहाजाची वाट बघत असताना ३८७ मध्ये ती इटलीतल्या ओस्तिया बंदरात आजारी पडली. परक्या मुलखात पुरायचं का, या काळजीत मुलं होती. ती म्हणाली, देह कुठेही ठेवा, फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण काढा. ऑगस्टीन यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली मराठवाड्याची कॅथलिक पोरं आज हेच करतात. सुट्टी मिळाली नाही, तर जवळच्या चर्चमध्ये आई-वडिलांचं नाव देतात.

मैत्रिणीने मिस्सेला बोलावलं तर

जा. बिनधास्त जा. काही साध्या गोष्टी लक्षात ठेवा.

• मिस्सा साधारण तासाभराची असते, आणि आपल्याकडे मराठीत. सगळे उभे राहिले की उभं राहायचं, बसले की बसायचं. गुडघे टेकायची सक्ती पाहुण्याला नसते.
• ख्रिस्तप्रसादासाठी रांग लागते. तो कॅथलिकांसाठीच असतो. आपण जागेवर बसून राहायचं, कुणी वाईट मानत नाही.
• दफनभूमीत फूल ठेवता येतं, मेणबत्ती लावता येते. कबरीवर पाय देऊ नका. रील तर अजिबात नको.
• मिस्सा झाल्यावर लगेच पळू नका. खरं बोलणं तेव्हाच सुरू होतं.

आणि मिस्सा नसली तरी एक गोष्ट तुम्ही कुठल्याही धर्माच्या मित्रासाठी करू शकता. त्याचं माणूस गेलं ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. पहिल्या दिवशी चाळीस जण मेसेज करतात. सातव्या दिवशी, महिन्याने, वर्षाने कोण करतं? कॅथलिकांनी हे दिवस ठरवूनच ठेवलेत. आपल्याकडे तेरावं आहे, वर्षश्राद्ध आहे, मुस्लिम मित्रांकडे चाळिसावं असतं. घरचे ते दिवस पाळतात. दोस्त मात्र विसरतात. त्या दिवशी फोन करा आणि 'काळजी घे' म्हणण्यापेक्षा विचारा, तुझे पप्पा कसे होते रे? किंवा तुम्हाला आठवत असेल ते सांगा. त्यांच्या डब्यातली भाजी, त्यांनी कधीतरी दिलेली लिफ्ट, काहीही. कुणाकडे कुठला पंप राहिलाय, सांगता येत नाही.

गेल्या वर्षी ऑक्टोबरच्या शेवटी मैत्रीण गावी निघाली होती. बॅग भरता भरता तिने एक कागद काढला आणि नावं लिहायला लागली. पप्पा, दोन्ही आजोबा, कोरोनात गेलेली आत्या. मग थांबून मला विचारलं, "तुझ्या आजीचं नाव काय गं?"

मी सांगितलं. तिने ते शेवटी लिहिलं आणि पुढे गावही लिहिलं: आष्टी, ता. परतूर.

म्हटलं, "गाव कशाला?"

"अगं, आष्ट्या किती आहेत! गडबड नको."

परत आल्यावर तिने सांगितलं, फादरांनी नाव गावासकट वाचलं. मी घरी फोन केला. आईला आधी मिस्सा म्हणजे काय तेच समजेना. समजावून सांगितलं, तर थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "त्या पोरीला दिवाळीच्या फराळाचा डबा पाठवते. तिच्या पप्पांचं नाव काय होतं, विचारून ठेव."