पुतळ्याची परीक्षा घोट्यापाशी

मुरबाडहून टोकावडे, वैशाखरे मागे टाकून नाणेघाट चढला की माथ्यावरच्या लेण्यात सातवाहन राजघराण्याची रांग उभी दिसायची. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी मागच्या भिंतीत आठ व्यक्ती कोरल्या होत्या आणि डोक्यावर ब्राह्मीत नावे: सिमुक, नागनिका, सातकर्णी. आज नावे आहेत, खाली पावलांचे अवशेष आहेत, मधली माणसे नाहीत. मालवणच्या राजकोट किल्ल्यावर 26 ऑगस्ट 2024 रोजी 35 फुटी शिवपुतळा कोसळला, तेव्हा चौथऱ्यावरही पावलेच उरली होती. दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. नाणेघाटातल्या मूर्तींना पाठीशी कातळ होता. स्वतःचे वजन पेलण्याचा प्रश्नच त्यांना नव्हता. मूर्ती भिंतीपासून सुटून मोकळी उभी राहिली की सारा भार घोट्यांवर येतो. म्हणून स्मारकशिल्पकाराची पारख चेहऱ्याच्या साम्यावर थांबवणे मला अपुरे वाटते.

मुरबाड-शहापूरच्या शेजारच्या कल्याणचे सदाशिव साठे यांचे काम या कसोटीवर पाहण्यासारखे आहे. 1926 साली जन्मलेल्या या शिल्पकाराने 1954 मध्ये दिल्लीच्या चांदणी चौकासाठी गांधीजी घडवले. मुंबईत गेटवेसमोरचे अश्वारूढ शिवाजी महाराज 1961 चे. अश्वारूढ पुतळा म्हणजे तर अवघड प्रकरण: स्वार आणि घोडा, दोघांचा भार घोड्याच्या काठीसारख्या पायांवर. शाडू, साचा, मेण, ओतकाम असा प्रवास करून आलेले कांस्याचे तुकडे जोडले की सांधे दिसेनासे होतात, पण भार त्यांच्यातूनच खाली उतरतो. मालवणला वाऱ्याकडे बोट दाखवले गेले. गेटवेवरही तोच अरबी समुद्र आहे, तीच खारी हवा, आणि साठ्यांचा घोडा साठ वर्षांहून अधिक काळ पाय रोवून आहे. मालवणच्या चौकशीतही पुढे गंज, कमकुवत सांगाडा आणि सदोष वेल्डिंग हीच कारणे आली.

यावर कुणी म्हणेल, उंची वाढली की गणितच बदलते. बदलते, नक्कीच. धुळे जिल्ह्यातल्या गोंदूरचे राम सुतार यांनी सरदार पटेलांना 182 मीटर उंचीवर चालत्या पवित्र्यात कल्पिले. धोतरातले पाय खाली निमुळते, म्हणजे जिथे रुंदी हवी तिथेच ती कमी. तिथे कांस्य हे केवळ आवरण आहे. भार पेलतात ते आतले काँक्रीटचे दोन मनोरे, आणि वाऱ्याचा झोका आवरतात आत बसवलेली अवजड वजने.