एकच गोष्ट खोल शिकायची की सगळं थोडं थोडं?

गेल्या महिन्यात आमच्या विभागातल्या एमएस्सीच्या एका मुलाने विचारलं, "ताई, पीएचडीला अर्ज करायच्या आधी काय शिकून ठेवू? पायथन, स्टॅटिस्टिक्स, एक्सआरडी, ब्लेंडरमध्ये आकृत्या, असं सगळं थोडं थोडं करू की एकच काहीतरी धरू?" मला पटकन उत्तर देता आलं नाही. पण हाच प्रश्न डिजिटल आर्टिस्ट मंडळींनाही कायम पडतो, आणि त्यांचं काम डोळ्यांना दिसतं, त्यामुळे तिथे उत्तर शोधणं सोपं जातं. म्हणून आधी त्यांच्याकडे जाऊ, मग आपल्याकडे येऊ.

आपल्या भाषेने दोन्ही बाजूंना टोमणे मारून ठेवलेत. सगळं शिकणाऱ्याला 'एक ना धड, भाराभर चिंध्या' आणि एकाच गोष्टीत बुडालेल्याला 'कूपमंडूक'. दोन्ही धोके खरेच आहेत.

कोपराची गोष्ट

थ्रीडी पात्र कसं तयार होतं बघा. मॉडेलर आकार घडवतो. हा आकार म्हणजे छोट्या, बहुतेक चौकोनी तुकड्यांची जाळी असते. मग कुणी त्याला रंग आणि पोत देतं, रिगर आत सांगाडा बसवतो, अ‍ॅनिमेटर त्याला हलवतो, लायटिंग करणारा प्रकाश टाकतो आणि कंपोझिटर शेवटी सगळे थर एकत्र आणतो. मोठ्या स्टुडिओत प्रत्येक कामाला वेगळी माणसं असतात, तिथे स्पेशालिस्ट लागतो. छोट्या स्टुडिओत दोघं-तिघं मिळून हे सगळं ओढतात, तिथे जनरलिस्टशिवाय भागत नाही.

आता समजा मॉडेलरने कोपराभोवती जाळीच्या पुरेशा रेषा ठेवल्याच नाहीत. पात्र सरळ उभं असेपर्यंत सुंदर दिसतं. हात वाकवला की कोपर चेपल्यासारखं आत जातं, आणि जाळी दुरुस्तीला परत मॉडेलरकडे जाते. म्हणजे उत्तम मॉडेलरला रिगिंग करता आलं नाही तरी चालेल, पण रिगरला काय लागतं हे त्याला माहीत हवं.

दोन माणसं, दोन वाटा

एड कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठात पीएचडी केली. विषय होता वक्र पृष्ठभाग संगणकाच्या पडद्यावर कसे दाखवायचे. एवढा अरुंद विषय! पुढे १९७८ मध्ये त्यांनी जिम क्लार्क यांच्यासोबत खडबडीत जाळी पायरीपायरीने गुळगुळीत करण्याची पद्धत मांडली. आज ब्लेंडरमध्ये 'सबडिव्हिजन सरफेस' लावता, तेव्हा हीच कॅटमल-क्लार्क पद्धत वापरता. हेच कॅटमल पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक, आणि २०१९ च्या ट्युरिंग पुरस्काराचे एक मानकरी.

दुसरी वाट गिंट्स झिल्बालोडिस या लाटव्हियन दिग्दर्शकाची. 'अवे' (२०१९) हा पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट त्यांनी एकट्याने बनवला, संगीतासकट. पण पुढचा 'फ्लो' (२०२४) त्यांनी चमू घेऊन केला. तो ब्लेंडरमध्ये बनला आणि २०२५ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट अ‍ॅनिमेशनपटाचं ऑस्कर मिळालं. आधी सगळं स्वतः केलेलं असल्यामुळे कुणाला काय सांगायचं हे त्यांना नीट कळत असणार. आणि ज्या ब्लेंडरवर हे उभं राहिलं, त्यात कॅटमल यांच्यासारख्या कितीतरी लोकांचं खोल काम आधीच जाऊन बसलेलं होतं.

माझ्या दोन चुका

आता आपल्याकडे. पहिल्या वर्षी मी पाच गोष्टी एकदम सुरू केल्या. प्रगती आढाव्यात समितीतल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "यातलं तुझं नेमकं काय?" मी गप्प. सहा महिने चिंध्या गोळा करण्यात गेले होते.

मग मी उलट्या टोकाला गेले. फक्त एक्सआरडीचा डेटा, बाकी काही नाही. नमुने मैत्रीण तयार करायची, मी तिच्या टेबलाकडे फिरकायचेही नाही. आलेखातल्या शिखरांच्या उंची जुळेनात, म्हणून तीन आठवडे सॉफ्टवेअरशी झटापट केली. शेवटी कळलं की पावडर पुरेशी बारीक कुटलीच गेली नव्हती. कण जाड राहिले की शिखरांची उंची भरवशाची राहत नाही. चूक खलात होती आणि मी ती संगणकात शोधत होते. हेच माझं कोपर.

मग तुम्ही काय करायचं?

यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला किमान तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षं मिळतात. जेआरएफ असेल तर फेलोशिप साधारण पाच वर्षांची. तेवढ्यात सगळं शिकून होत नाही, म्हणून निवड करावीच लागते. मी आता असं करते:

१. माझ्या कामाची साखळी कागदावर लिहायची. नमुना, मोजमाप, विश्लेषण, आकृती, लेखन.

२. त्यातल्या एकाच कडीखाली रेघ मारायची. प्रयोगशाळेत कुणाचं त्या बाबतीत अडलं, तर त्याने माझ्याकडे यावं इतकी ती यायला हवी.

३. तिच्या लगेच आधीची आणि लगेच नंतरची कडी एकदा तरी स्वतःच्या हाताने करून बघायची. पारंगत होण्यासाठी नाही, समोरच्याची अडचण कळण्यासाठी.

४. बाकीच्या कड्यांसाठी माणसं ओळखून ठेवायची.

आणि प्रयोगशाळा निवडताना एक जरूर विचारा: इथे किती जण काम करतात? गट मोठा असेल तर खोली लवकर लागेल. तुम्ही गाईडचे पहिलेच विद्यार्थी असाल, तर सुरुवातीला रुंदीच जास्त लागेल. पण त्या गडबडीतही वर्षभरात रेघ मारायची कडी ठरवून टाका.

त्या मुलाला मी हेच सांगितलं. त्याने पायथनखाली रेघ मारली आहे, आणि या आठवड्यात तो माझ्या शेजारी बसून खलात पावडर कुटतोय.